सूत खराब होतं

८ सप्टेंबर, रविवार. इचिकावा, जपान.

इचलकरंजीच्या डॉक्टरांनी निघताना सांगितलं होतं, पंढरीनाथ, राग आला की पाणी प्या. इथं येऊन आठवडा झाला. पाणी पिऊन पोटाचा नगारा झाला, राग जागेवर आहे. काल सूनबाईनं, पूर्वीनं, ही वही हातात ठेवली. म्हणाली, "अप्पा, राग आला की आधी यात लिहा. लिहून झालं की मग बोलायचं की नाही ते ठरवा." मी सातवी नापास. पण अक्षर बरं आहे. लिहितो.

आज जुईचा सामना बघितला. जुई माझी नात, सहावीत आहे. इथं नदीकाठच्या मैदानावर लहान पोरांचा बेसबॉलचा संघ आहे, त्यात ही एकटी मुलगी आणि हीच गोलंदाज. त्याला पिचर म्हणतात. शैलेंद्र वर्षभर फोनवर सांगत होता, अप्पा, पोरगी काय टाकते ते बघायला या. नोव्हेंबरात सहावीच्या पोरांची शेवटची स्पर्धा, त्यानंतर त्यांना संघ सोडावा लागतो. पुढं मोठ्या शाळेत मुलीला कोण पिचर करणार, म्हणून आत्ताच या. मुलानं एवढं म्हटल्यावर आलो. तीन महिन्यांचा परवाना मिळाला आहे.

काय टाकते ते बघितलं. या खेळात चार चेंडू वाकडे गेले की फलंदाज बॅट टाकून फुकटात पहिल्या तळावर चालत जातो. आज समोरचा अर्धा संघ चालतच गेला, जत्रेला निघाल्यासारखा. मी बांधावर उभा राहून सांगत होतो, जुई, पाय पुढं घे, खांदा वळव, इकडं बघ. ती बघायची आणि पुढचा चेंडू आणखी लांब जायचा.

एक चेंडू फलंदाजाच्या दंडाला लागला. तर हिनं टोपी काढली आणि त्याच्यापुढं कमरेत वाकली. आमच्याकडं चेंडू लागला तर गोलंदाज डोळे वटारतो, फलंदाजानं पुन्हा पुढं यायचं धाडस करू नये म्हणून. इथं मार खाणारा उभा आणि मारणारा वाकलेला.

हरले. मग सगळी पोरं गोल करून उभी राहिली आणि जुई एक पाऊल पुढं आली, टोपी हातात घेऊन काहीतरी बोलली, पुन्हा वाकली. मी शैलेंद्रला विचारलं, काय म्हणते.

"म्हणाली, आज माझ्यामुळं हरलो. याला हान्सेई-काई म्हणतात, अप्पा. सामना झाला की आपली आपली चूक बोलायची."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोरच. थांबा जरा, अजून…"

मी थांबलो नाही. माझ्या नातीला कोणी चव्हाट्यावर वाकवावं आणि मी बघत राहावं, हे होणार नाही. पाठ फिरवली आणि बांधावरून एकटा घरी चालत आलो. रस्ता चुकलो. इथं सगळ्या इमारती एकाच आईच्या पोटच्या. त्याचाही राग आला.

९ सप्टेंबर

जेवताना जुईला शहाणपणाची गोष्ट सांगितली. मी यंत्रमागावर जन्म काढला. विणलेलं कापड फोल्डिंगच्या टेबलावर उलगडलं जायचं, त्यात तुटका धागा दिसला, डाग दिसला की मेस्त्री नाव घेऊन हाक मारायचा. सगळी शेड माग थांबवून बघायची. ज्यानं मान खाली घातली तो मेला. पगारातनं कापलं जायचं ते वेगळं, वर वर्षभर त्याच्याच कापडावर डोळा. मी पहिल्याच महिन्यात शिकलो. मान वर ठेवायची आणि म्हणायचं, सूत खराब होतं.

जुईनं विचारलं, "खरंच खराब होतं का, आजोबा?"

"कधी असायचं, कधी नसायचं."

"नसायचं तेव्हा?"

"तेव्हाही म्हणायचं. जेव आता, गार होतंय."

ती आईकडं बघून जपानीत काहीतरी बोलली. पूर्वी हसली नाही, पण तिला हसू येत होतं. मला घरात न समजणाऱ्या भाषेत बोललेलं चालत नाही. हे दोनदा सांगून झालं आहे.

१५ सप्टेंबर, रविवार

आणखी एक सामना, आणखी एक जत्रा. मी घसा बसेपर्यंत सूचना दिल्या. पोरीनं पहिल्याच डावात इतके चेंडू बाहेर टाकले की कॅचर, म्हणजे इथला विकेटकीपर, हारुतो नावाचा जाडगेला पोरगा, तीन वेळा मधे येऊन तिच्या कानाशी काहीतरी बोलून गेला. बोलताना दोघंही बांधाकडं बघत होती. बहुधा माझ्या सूचना तिला समजावून सांगत असावा, मराठी कुठून कळली कोण जाणे.

शैलेंद्र म्हणतो, ऑगस्टमध्ये हिनं सलग चार सामने जिंकून दिले होते. मग सप्टेंबरात काय झालं? मी आल्यापासून एक सामना चुकवलेला नाही, एक चेंडू बघायचा सोडलेला नाही, तरी पोरगी बिघडतच चालली आहे. त्या ओनोदेराचं लक्ष नाही. ओनोदेरा म्हणजे संघाचा मुख्य शिक्षक, पोरं त्याला कांतोकू म्हणतात. एरवी स्टेशनजवळ कुलपं-चाव्यांचं दुकान चालवतो. चाव्या घासणाऱ्यानं गोलंदाजी काय शिकवावी.

शेवटी पुन्हा तेच, गोल आणि टोपी. मी आधीच घरी निघालो.

१७ सप्टेंबर

सकाळी टाकलेली कचऱ्याची पिशवी दारात परत आली. वर लाल चिठ्ठी. इथं प्लास्टिकचा वार वेगळा, जळणाऱ्याचा वेगळा, बाटल्यांचा वेगळा, जसे देवांचे वार. पूर्वीनं विचारलं, "अप्पा, यात काही टाकलं होतंत का?" मी म्हटलं, मी कशाला टाकू. तिनं पिशवी उघडली तर माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं निघाली. कोणीतरी आणून टाकली असणार. मी तसं सांगितलंही. ती काही न बोलता वेचत बसली. न बोलण्याचा मला जास्त राग येतो.

२९ सप्टेंबर, रविवार

मी जे केलं ते बरोबर केलं.

मधला रविवार पावसानं गेला होता. आज जुई बरी टाकत होती. मी नदीकाठच्या नळावर पाणी भरायला गेलो तेवढ्यात तिनं दोघांना बाद केलं म्हणे. परत येऊन मी जागेवर उभा राहिलो, सूचना चालू केल्या. शेवटच्या डावात आपण एका धावेनं पुढं, समोरच्यांचे दोघं तळांवर, आणि एक उंच चेंडू डावीकडं गेला. तिथं सोता नावाचा चष्मेवाला, काडीसारखा पोरगा उभा असतो. चेंडू त्याच्या हातमोज्यात पडला आणि बाहेर आला. गवतावर. तळांवरचे दोघं धावत शेवटच्या तळावर, ज्याला इथं घर म्हणतात, तिथं पोचले. हरलो.

गोल झाला. जुई पुढं आली. टोपी काढली, तोंड उघडलं, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. झेल त्या पोराचा सुटला आणि मान हिनं खाली घालायची? मी बांध उतरून सरळ त्या गोलात घुसलो.

म्हटलं, "हिची चूक नाही. ह्याची आहे. ह्यानं सोडला." सोताकडं बोट दाखवलं. मराठी कळणार नाही म्हणून करून दाखवलं, दोन्ही हात वर, चेंडू आला, आणि सुटला. बोट पुन्हा त्याच्यावर. सगळ्यांना कळलं. सोतानं टोपी आधीच काढून हातात घेतली होती, का कोण जाणे. तो ओठ उघडून तसाच उभा राहिला. मग टोपी छातीशी धरून आईकडं गेला.

शैलेंद्रनं माझा दंड धरला. पोटच्या पोरानं. "अप्पा, चला," एवढंच म्हणाला आणि त्या लोकांपुढं वाकत वाकत मला बाहेर काढलं.

कोणीतरी बोलायला हवं होतं. मी बोललो.

३० सप्टेंबर

घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. जुई दप्तर घेऊन शाळेत गेली, "येते" म्हणाली नाही.

३ ऑक्टोबर

जिंकलो.

संध्याकाळी ओनोदेरा घरी आला. सूट घालून, हातात मिठाईचा खोका, त्यावर पांढरा कागद आणि कागदावर ब्रशनं काढलेली अक्षरं. दारातच कमरेत वाकला आणि बराच वेळ वाकून राहिला. शैलेंद्रनं मला सांगितलं, "ते म्हणतात, घरच्या वडीलधाऱ्यांचं मन दुखेल हे त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. चूक त्यांची आहे, क्षमा करा म्हणतात." असं सांगून शैलेंद्र त्याच्याहून खाली वाकला. मग तो आणखी खाली. दोघांत आधी कोण उठणार ते कळेना.

मी सोफ्यावरून उठलो नाही. ज्याची बाजू खरी, तो कशाला उठेल. सत्तर वर्षं मान वर ठेवली त्याचं फळ आज मिळालं. मेस्त्री कधी कोणाच्या घरी मिठाई घेऊन आला होता?

खोका मी कोणाला उघडू दिला नाही. माझ्या खोलीत ठेवला आहे. तसाच इचलकरंजीला नेणार, लोकांना दाखवायला.

जुई तिच्या खोलीतून बाहेर आली नाही. लाजली असेल.

१३ ऑक्टोबर, रविवार

हे सूडाचं राजकारण आहे. ओनोदेरानं आज जुईला चेंडूच दिला नाही. उजवीकडं पार लांब उभी केली, जिकडं दिवसभरात दोन चेंडू जातात. टाकायला दुसराच कोणी. वर वर हसून तिच्याशी बोलतो, पाणी पी, सावलीत बस, जसं पाहुण्यांच्या पोरीशी बोलावं. आतून खार खाऊन आहे.

आणि गोलात तिचा नंबर आला तेव्हा त्यानं हात पुढच्या पोराकडं केला. तिला विचारलंच नाही. मी म्हटलं, हे मात्र बरं झालं, सुटली पोरगी. पण ती टोपी हातात घेऊन उभी होती. ती तशीच पुन्हा डोक्यावर ठेवली.

सोता दिसला नाही. गेल्या आठवड्यातही सरावाला नव्हता म्हणे. एवढासा शब्द सहन होत नाही तर खेळायला कशाला यावं.

१४ ऑक्टोबर

आज सुट्टी. जुईशी भांडण झालं. जसं झालं तसं लिहितो.

मी म्हटलं, "त्या ओनोदेराला मी जाऊन विचारतो, माझ्या नातीला चेंडू का देत नाही."

ती भिंतीला चेंडू मारत होती. म्हणाली, "नको. प्लीज. तुम्हीच घेतला तो."

"मी काय घेतलं?"

"माझा बॉल."

मग इंग्रजी, जपानी, मराठी सगळं एकत्र करून बोलायला लागली. मला जेवढं कळलं ते असं. ती म्हणते, माझी चूक. मग सोता म्हणतो, नाही, माझी, मी झेल सोडला. मग हारुतो म्हणतो, माझी, मी खूण चुकीची दिली. शेवटी कांतोकू म्हणतात, माझी, मी हिला आधीच बदलायला हवं होतं. "एव्हरी टाइम, आजोबा. मग सगळे ओनिगिरी खातात, ते भाताचे गोळे, आणि हारुतो जोक मारतो. तुम्ही कधी बघितलंच नाही. यू ऑल्वेज गो होम."

"मग आता काय बिघडलं?"

"सोता बोलणार होता. त्याची टर्न होती. तुम्ही त्याच्या आधी बोललात. आता तो येत नाही. आणि कांतोकू मला काहीच बोलू देत नाहीत. घाबरतात तुम्हाला." नाक पुसून म्हणाली, "जिची चूकच नाही, तिच्या हातात बॉल कोण देईल?"

"अगं, मी तुझ्या बाजूनं बोललो."

"मला बाजू नको होती. मला माउंड हवा होता." माउंड म्हणजे मधला तो मातीचा उंचवटा, जिथून टाकतात.

यावर मला उत्तर सुचलं असतं. पण तोवर तिनं दार लावून घेतलं होतं. एवढीशी पोर, मला विचारते. आमच्या वेळी आजोबांसमोर उभं राहायची सोय नव्हती.

तरी एक गोष्ट खटकते. मी दर वेळी घरी गेलो, हे खरं आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

शैलेंद्र सकाळी म्हणाला, "अप्पा, आज तुम्ही घरीच थांबा. थंडी आहे."

थंडी नव्हती. त्यालाही माहीत होतं, मलाही. मी म्हटलं, "सरळ सांग ना, नको म्हणून." तर तो बूट घालता घालता म्हणाला, "बरं, सरळ सांगतो. नको."

दिवसभर टीव्हीसमोर बसलो. एक जपानी माणूस मुळा चिरत होता, तासभर.

संध्याकाळी पूर्वीनं मोबाइलवर दाखवलं. नेहमीचा पोरगा आजारी, म्हणून सरावात जुईनं थोडा वेळ टाकलं. चेंडू सुतासारखे सरळ, हारुतोच्या मोज्यात. एकही वाकडा नाही. मी म्हटलं, "बघ, मी सांगितलं तसा खांदा वळवतेय."

पूर्वी म्हणाली, "अप्पा, ऑगस्टमध्येही असंच टाकत होती."

"मग मधेच काय झालं तिला?"

ती माझ्याकडं बघत राहिली. चांगली पोर आहे, उलट बोलत नाही. "चहा करू?" म्हणाली.

२१ ऑक्टोबर

सकाळी चहाचा भरलेला कप घेऊन बाल्कनीत जात होतो. शैलेंद्र ऑफिसला निघताना मागून ओरडला, "अप्पा, उंबरा आहे, पाय उचला, कप सरळ धरा." आणि कप सांडला. सगळा, पायावर, धुतलेल्या चादरीवर. पूर्वी धावत आली. मी म्हटलं, माझी चूक नाही. मी नीट धरला होता. मागून ओरडलं की हात हलणारच. चूक ओरडणाऱ्याची.

वर लिहिलेलं पुन्हा वाचलं.

मग वही मिटून ठेवली होती, आता संध्याकाळ झाली आहे. या देशात चहासुद्धा धड पिता येत नाही.

२६ ऑक्टोबर, शनिवार

सोताच्या घरी जाऊन आलो. कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी पाठवलं म्हणून गेलो असं कोणी म्हणू नये.

घर माहीत होतं, नदीकाठच्या नळाच्या पलीकडं, दारात निळी सायकल. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून खोलीतला तो मिठाईचा खोका घेतला. जिवावर आलं, पण घेतला. पांढऱ्या कागदासकट, तेवढाच मान दिसतो.

दार त्याच्या आईनं उघडलं. मी खोका दोन्ही हातांनी पुढं केला. तिनं घेतला, कागदावरचं वाचलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा वाचलं. ओठ घट्ट मिटून घेतले. रागात असणार, म्हटलं, आणि का असू नये. मग ती खूप खाली वाकली आणि आत हाक मारली.

सोता आला. घरात चष्म्याशिवाय आणखीच लहान दिसतो. मी रस्ताभर शब्द जुळवत आलो होतो. मराठीतच, पण नीट. सोता, बाळ, त्या दिवशी मी, असं सुरू करायचं होतं. "सोता" म्हणालो, आणि तेवढ्यात ते पोरगंच वाकलं. "सुमिमासेन," म्हणालं. म्हणजे माफ करा.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. माफी मागायला मी गेलो आणि पोरगं माझ्या आधी मोकळं झालं. कुलूपवालाही असाच आधी येऊन वाकून गेला. या लोकांच्या आधी चूक गाठायची तर माणसानं जायचं किती वाजता?

"तू नाही रे, मी," मी म्हटलं. त्याला काय कळणार. माझ्या छातीवर बोट ठेवलं आणि परत तेच केलं, दोन्ही हात वर, चेंडू आला, सुटला. पण बोट माझ्यावरच ठेवलं. मला दुसरं काही येत नव्हतं.

मग त्यानं हात वर केले, माझ्यासारखेच, आणि तो नसलेला चेंडू झेलला. घट्ट. आणि मला देऊन टाकला. मी घेतला. काय करणार, म्हातारा माणूस दारात उभा, हातात काही नाही, ते धरून घरी आलो.

२७ ऑक्टोबर, रविवार

सोता मैदानावर आला होता. मी घरीच थांबलो, कोणी न सांगता.

संध्याकाळी जुई आली ती हसत, बूट काढायच्या आधीच. "आजोबा, तुम्ही सोताला कांतोकूंचा बॉक्स दिलात?"

"दिला. माझा होता, दिला."

"त्यावर त्यांचं नाव होतं. एवढ्या मोठ्या अक्षरात. ओनोदेरा." ती जमिनीवरच बसली. "सोताच्या आईला वाटलं कांतोकूंनी पाठवला. तिनं त्यांना थँक यू म्हटलं. कांतोकूंना काहीच कळेना."

शैलेंद्रनं डोक्याला हात लावला. पूर्वी स्वयंपाकघरात पळाली, तिथून तिचं हसू ऐकू येत होतं. नाव लिहायचं तर वाचता येईल असं लिहावं. मी तसं म्हणालो. तर जुई म्हणाली, "सूत खराब होतं का, आजोबा?"

एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी हसली, म्हणून सोडून दिलं.

मग म्हणाली, तिनं आज स्वतः कांतोकूंना जाऊन सांगितलं की गोलात मला बोलायचं आहे. ते म्हणाले, आजोबा काय म्हणतील? ही म्हणाली, आजोबांना मी बघून घेते.

मला बघून घेणार. ही.

१० नोव्हेंबर, रविवार

पुढच्या रविवारी शेवटची स्पर्धा. हरलं की बाहेर आणि सहावीच्या पोरांचं सगळं संपलं. जुईला चेंडू मिळणार की नाही ते अजून कोणाला माहीत नाही. मी विचारलं, "मी येऊ का?"

तिनं कपाटातून खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट आणून दिलं. "या. पण एक तोंडात ठेवायची. संपेपर्यंत बोलायचं नाही. संपली की दुसरी."

"आणि चावली तर?"

"चावायची नाही."

सत्तरी उलटलेल्या माणसाला ही अट. मान्य केली.

१७ नोव्हेंबर, रविवार

पाकीट संपलं. जीभ सोलली आहे. आता लिहितो.

शेवटच्या डावापर्यंत आपण एकानं पुढं होतो. तोवर टाकणाऱ्या पोराचा हात दमला. ओनोदेरा गोंधळून बांधाकडं बघायला लागला, माझ्याकडं. मी गोळीसकट दोन्ही ओठ दाबून धरले आणि हो म्हणून मान हलवली. त्यानं चेंडू जुईच्या हातात दिला.

पहिला फलंदाज चालत गेला. चार चेंडू, चारही वाकडे. पाय पुढं घे, हे शब्द दातांपर्यंत आले. नवी गोळी घातली. दुसऱ्याला चेंडू लागला, तोही फुकटात तळावर. हिनं टोपी काढली, वाकली, टोपी घातली. मी बांधावरच्या गवताला धरून बसलो होतो. तिसऱ्याला तिनं तीन चेंडूंत बाद केलं, त्याला चेंडू दिसलेच नाहीत. चौथ्यानं उंच मारला, डावीकडं. सोता मागं मागं गेला. झेलला. मी तोंडावर हात ठेवला. तीन बाद झाले की डाव संपतो, एकजण राहिला.

त्या एकानं तिचा चांगला चेंडू, सगळ्यांत चांगला, नदीकडं मारला. गवतात गेला, उड्या मारत पार बांधापर्यंत. दोघं घरी. हरलो. संपलं.

मी या वेळी घरी गेलो नाही.

गोल झाला. जुई पुढं आली, बोलली, आवाज चिरला पण वाक्य पुरं केलं. मग सोता. त्यानं सामन्यात कसलीच चूक केली नव्हती तरी काहीतरी शोधून काढलं. मग हारुतो, रडत. मग ओनोदेरा, सगळ्यांत जास्त वेळ. प्रत्येकजण थोडं थोडं घेत होता. शेवटी तिच्या वाट्याला कितीसं उरलं असेल.

मग जुईनं बांधाकडं बघितलं. ये, असं म्हणाली नाही. नुसती बाजूच्या पोराला ढकलून गोलात जागा केली.

गुडघे धरत उतरलो. सगळे बघत होते, मेस्त्रीनं हाक मारल्यावर शेड बघायची तसे. ती म्हणाली, "बोला. मी सांगते त्यांना."

मी म्हणालो, ऊन डोळ्यांवर होतं हे आधी लक्षात घ्या. वारा नदीवरून येत होता. अंपायर अर्धा झोपेत होता. मी रक्तदाबाचा माणूस आहे, गोळ्या बदलल्यापासून मला राग जास्त येतो, त्याला डॉक्टर जबाबदार. आमच्या शेडमध्ये काही बिघडलं की आम्ही म्हणायचो, सूत खराब होतं. इथं मी आलो त्याच्या आधीपासून सूत चांगलं होतं. बांधावरून ओरडणारा खराब होता. सप्टेंबरपासून. असं म्हणालो आणि घाईघाईनं हेही म्हणालो की सोताचा त्या दिवशीचा झेल मात्र सोपा होता, आणि खोक्यावर नाव वाचता येईल असं लिहायला हवं.

बराच वेळ बोललो. जुई मान खाली घालून ऐकत होती. मग तिनं जपानीत सांगितलं. एवढुसं. मी श्वास घेतला तोवर संपलं. सगळे वाकले, ओनोदेरा, हारुतो, सोता. मीही वाकलो, कारण एकटं उभं राहणं बरं दिसत नव्हतं. ओनोदेरानं आपल्या डब्यातला भाताचा गोळा मला दिला. आतून आंबट निघाला.

घरी येताना बांधावर मी तिला थांबवलं. म्हटलं, "मी एवढा घसा फोडून बोललो आणि तू दोन वाक्यांत गुंडाळलंस. बाकीचं कुठं गेलं?"

ती खांद्यातून हात गोल गोल फिरवत चालली होती. म्हणाली, "खरं होतं तेवढं सांगितलं, आजोबा."

फार राग आला. म्हणून हे लिहिलं. लिहून झालं आहे. बोलायचं नाही असं ठरवलं आहे.